पाळी गेली की पिशवी गेली? एका रकान्याची गोष्ट

माझ्या पहिल्या फील्डवर्कच्या वहीत एक रकाना आहे : ‘पाळी जाण्याचं वय’. त्याच्याखाली टेंभुर्णी आणि आसपासच्या बायकांची वयं लिहिलेली आहेत. ४५, ४८, ५०, ४७... आणि मधेच एक ३१. त्या ३१ शेजारी मी पेनाने बारीक अक्षरात लिहिलंय : ‘नैसर्गिक, पण फार लवकर. कुपोषण?’

ते टिपण चुकीचं होतं. आज तुम्हाला त्या चुकीबद्दल सांगायचंय. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, कुणाचा सिनॉप्सिस अडकलाय, कुणाला विषयच सापडत नाहीये. ‘या विषयावर साहित्यच उपलब्ध नाही’ हे वाक्य तुम्ही गाइडकडून ऐकलं असेल, किंवा स्वतः म्हटलं असेल. मीही म्हटलंय. माझा विषय बाईच्या पाळी जाण्याचा, म्हणजे रजोनिवृत्तीचा, सामाजिक इतिहास. साहित्य का सापडत नाही आणि सापडत नसेल तर काय करायचं, हे मला लायब्ररीपेक्षा त्या एका रकान्याने जास्त शिकवलं.

यायचा इतिहास आहे, जायचा नाही

सुरुवात कागदांपासून करू. पाळी येण्याबद्दल आपल्याकडे ढीगभर कागद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अख्खा महाराष्ट्र या प्रश्नावर भांडत होता. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहावरची टिपणं प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला आणि तो खटला १८८८ पर्यंत गाजत राहिला. मग कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. वय दहावरून बारा झालं. टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला, सुधारकांनी बाजू घेतली. वादाचा एक मोठा मुद्दा असा, की पहिल्या न्हाणानंतर ठरावीक दिवसांत गर्भाधान व्हायलाच हवं, मग कायदा त्याच्या आड येतो का? म्हणजे मुलगी ‘शहाणी’ कधी होते, यावर कोर्ट, सरकार, शास्त्री, डॉक्टर आणि संपादक असे सगळे लिहीत होते.

गॅझेटियर उघडा. जेम्स कॅम्पबेलने संपादित केलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा खंड १८८४ चा. त्यात एकेका जातीची माहिती एका साच्यात दिलेली आहे : जन्म, लग्न, मुलगी वयात येणं, मृत्यू. वयात आलेल्या मुलीला वेगळं कसं बसवतात, ओटी कशी भरतात, हे सगळं येतं. पण त्याच बाईची पाळी तीस-पस्तीस वर्षांनी थांबते तेव्हा काय होतं, यासाठी त्या साच्यात जागाच नाही.

इथे थांबा आणि विचार करा : का नाही? बायकांना काही सांगायचं नव्हतं म्हणून? तसं नाही. कागद तयार होतो तिथे कुणाचा तरी संबंध गुंतलेला असतो. मुलीच्या पहिल्या पाळीत लग्न गुंतलंय, जात गुंतलीय, वारस आणि जमीन गुंतलीय. शेवटच्या पाळीत यातलं काहीच नाही. त्या दिवसाने कुणाचा सात-बारा बदलत नाही. त्यामुळे कारकुनाने काही लिहिलं नाही.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर दफ्तरात एखादी गोष्ट नसणं हीसुद्धा माहिती आहे. पण ही माहिती दफ्तराबद्दलची. बायकांबद्दलची नव्हे. या दोन्हींची गल्लत करू नका.

आणखी एक सापळा इथेच सांगते. ‘त्या काळी सरासरी आयुर्मान वीस-पंचवीस होतं, बायका पन्नाशीपर्यंत जगतच नव्हत्या, मग रजोनिवृत्तीचा इतिहास कुठून असणार?’ असं एका सेमिनारमध्ये मला ऐकवलं गेलं. शतकाच्या सुरुवातीचं आयुर्मान तेवढं कमी होतं, हे खरं. पण ते कमी होतं ते मुख्यतः लहान मुलं मरत होती म्हणून. पाच वर्षांची झालेली, बाळंतपणांतून वाचलेली बाई पुढे बरीच वर्षं जगू शकायची. सरासरी म्हणजे प्रत्येकाचं वय नव्हे. घराघरात म्हाताऱ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही, एवढंच.

आजीने ‘उजवलं’ ते काय?

कागद नसेल तर कुठे बघायचं? आधी शब्दांत बघा.

‘रजोनिवृत्ती’ हा पुस्तकी शब्द. इंग्रजीत आज वापरतात तो ‘मेनोपॉज’ही तसा जुना नाही, गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये तो रूढ केला. त्याआधी बायकांची पाळी थांबत नव्हती असं नाही ना! सुश्रुतसंहितेतच लिहिलंय, की रज बाराव्या वर्षापासून सुरू होतं आणि पन्नाशीला, शरीर पिकल्यावर, संपतं. आमच्याकडे बायका म्हणतात ‘पाळी गेली’, ‘विटाळ गेला’, ‘सुटले बाई’. या तिन्ही शब्दप्रयोगांत आजार कुठेच नाही. काहीतरी गेलं आणि आपण सुटलो, असा सूर आहे. कशातून सुटलो? चार दिवस बाजूला बसण्यातून, शिवायचं नाही यातून, सगळ्या घराला कळतं त्या लाजेतून.

मग सणवार बघा. मराठी पंचांगात पाळीशी थेट जोडलेला एक दिवस आहे : ऋषिपंचमी. भाद्रपद शुद्ध पंचमी, गणपती बसल्याचा दुसरा दिवस. आघाड्याच्या काड्यांनी दात घासून आंघोळ करायची, सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा करायची आणि बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणून ती ऋषीची भाजी, हाताने लावलेल्या भाज्यांची. यामागची कथा अशी, की पाळीच्या काळात शिवाशिव केल्यामुळे एक बाई पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिचा नवरा बैल झाला, तोही स्वतःच्याच मुलाच्या घरी. मुलाने हे व्रत केलं तेव्हा दोघं सुटले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या हेमाद्रीने आपल्या ग्रंथात हे व्रत दिलंय. काशीत १७३६ मध्ये तयार झालेल्या ‘व्रतराज’मध्येही ते आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवलंय, की मुळात हे व्रत स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी सांगितलेलं होतं, अलीकडे ते फक्त बायका करतात.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. बऱ्याच घरांत बाई या व्रताचं उद्यापन पाळी गेल्यावर करते. माझ्या आजीचा शब्द ‘उजवणं’. “पाळी गेल्यावर मी ऋषीचं उजवलं,” असं ती म्हणते. म्हणजे बाईची पाळी गेली, ही गोष्ट जाहीरपणे मान्य करणारा एक प्रसंग आपल्याकडे होता. ज्या घटनेची नोंद गॅझेटियरला करावीशी वाटली नाही, तिची नोंद स्वयंपाकघरात होत होती.

पण लगेच खूश होऊन ‘आपल्या संस्कृतीत रजोनिवृत्तीचा सन्मान होता’ असं लिहू नका. मीही पहिल्या मसुद्यात ते लिहून बसले होते. व्रताचा ग्रंथ काय म्हणतो? पाळी हा दोष, त्याची फेड करा. बाई काय म्हणते? सुटले. एकाच दिवसाचे हे दोन अर्थ आहेत आणि दुसरा अर्थ पहिल्याच्या पोटातून आलाय. पाळीचं ओझं एवढं केलं नसतं, तर ती गेल्याची सुटका तरी कशाला वाटली असती? शिवाय हे व्रत सगळ्या जातींत, सगळ्या घरांत सारखं नव्हतं. चार दिवस बाजूला बसायला घरात दुसरी काम करणारी बाई लागते. मजुरी करणाऱ्या बाईला ते बसणंसुद्धा परवडत नाही.

‘नैसर्गिक’ कुणासाठी?

आता जरा टेंभुर्णीच्या बाहेर जाऊ, कारण आपण वापरतो तो ‘नैसर्गिक रजोनिवृत्ती, हार्मोनच्या गोळ्यांशिवाय’ हा शब्दप्रयोग बाहेरून आलाय आणि सोबत त्याचा स्वतःचा इतिहास घेऊन आलाय.

१९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक लिहून सांगितलं, की रजोनिवृत्ती हा कमतरतेचा आजार आहे आणि गोळी घेतली की बाई कायम तरुण राहते. पुस्तक धडाधड खपलं. १९७५ मध्ये दोन अभ्यास आले : नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर जास्त दिसतो. मग गर्भाशय असलेल्या बायकांना सोबत प्रोजेस्टिन द्यायला लागले. जुलै २००२ मध्ये १६,६०८ बायकांवर चाललेला एक मोठा अमेरिकन प्रयोग मधेच थांबवला गेला, कारण या जोडगोळीने स्तनाचा कॅन्सर वाढताना दिसला. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३८. जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. नंतर लोकांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा लक्षात आलं की त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वयच ६३ होतं. पाळी नुकतीच गेलेल्या पन्नाशीच्या बाईसाठी हिशोब वेगळा निघतो. आज डॉक्टर वय, त्रास आणि आधीचे आजार बघून ठरवतात.

म्हणजे तिकडे ‘नैसर्गिक’ हा शब्द गोळीला दिलेलं उत्तर आहे. गोळी समोर ठेवलेली होती आणि बाईने ‘नको’ म्हटलं. माझ्या आजीने काहीच नाकारलं नाही. तिला ती गोळी कुणी कधी देऊच केली नव्हती. दोघींची पाळी औषधाशिवाय गेली, पण एकीची निवड आहे आणि दुसरीकडे निवडीचा प्रश्नच आला नाही. दोघींना एकाच रकान्यात टाकलं, की इतिहास हातातून निसटतो.

याच्या उलट टोकाला एक गोड सापळा आहे. १९७५ मध्ये मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईने राजस्थान आणि हिमाचलमधल्या ४८३ राजपूत बायकांवर लेख लिहिला. तिला त्यांच्यात रजोनिवृत्तीच्या तक्रारी जवळजवळ मिळाल्याच नाहीत. तिचं स्पष्टीकरण : पाळी गेल्यावर या बायकांचा पडदा सैल होतो, पुरुष बसतात तिथे जाऊन बसता येतं. म्हणजे ती त्यांना शिक्षा नाही, बक्षीस वाटते. पुढे १९९३ मध्ये मार्गारेट लॉकने जपानवर मोठं पुस्तक लिहिलं. जपानी बायका अंगातून वाफा निघाल्याची तक्रार फार कमी करतात, असं तिने दाखवलं. शरीर आणि समाज दोन्ही मिळून हा अनुभव घडवतात, असा तिचा मुद्दा.

दोन्ही वाचाच. पण फ्लिंट वाचून ‘भारतीय बाईला त्रासच होत नाही’ असं म्हणू नका. नंतरच्या भारतीय अभ्यासांत बायका त्रास सांगतात. कधी वाफा आणि घाम, आणि पुष्कळदा सांधेदुखी, थकवा, झोप न लागणं. मी आजीला विचारलं, “अंगातून वाफा निघायच्या का गं?” ती म्हणाली, “चुलीपुढं बसल्यावर कुनाच्या न्हाय निघत?” तुम्ही प्रश्नावलीत ‘हॉट फ्लॅशेस : होय / नाही’ असं छापून नेलं असतं, तर आजीचं उत्तर कुठे टिक केलं असतं?

भूकंपाच्या साली

आता पद्धतीचं थोडं. जुन्या बायकांना वय विचारलं की ४०, ४५, ५० असे गोल आकडे येतात. लोकसंख्याशास्त्रात हा माहितीतला नेहमीचा दोष आहे. त्यावर आमच्या भागात एक उपाय चालतो. साल विचारायचं नाही, प्रसंग विचारायचा. ७२ चा दुष्काळ, उजनीचं पाणी आलं तो काळ (धरण १९८० मध्ये पूर्ण झालं), किल्लारीचा भूकंप. आमच्याकडे प्रत्येक म्हातारीच्या आयुष्यात हे तीन दगड पक्के आहेत.

आजीशी बोलणं असं झालं. “पाळी कधी गेली?” “काय म्हाईत.” “उजनीच्या आधी का नंतर?” “नंतर, लई नंतर.” “भूकंपाच्या आधी?” मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “भूकंप झाला नव्हं, त्या गणपतीपासनं आलीच न्हाय.” भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर. म्हणजे महिना मिळाला! जन्मसाल मात्र धूसर. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा पदरात तीन मुलं होती, माझा बाप सगळ्यात धाकटा, कडेवर. लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी. मांडणी केली तर जन्म १९४६ ते १९४८ च्या दरम्यान येतो, म्हणजे पाळी गेली तेव्हा वय ४५ ते ४७. भारतीय बायकांचं पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६ धरतात. आजी बरोबर मधे बसली.

वहीत मी ‘४६’ असं लिहिलं नाही, ‘४५–४७’ लिहिलं. हे तुम्हीही करा. जेवढं माहीत आहे, तेवढंच लिहा.

तो ३१ चा आकडा

आता चुकीकडे येते. उजनीचं पाणी आलं आणि आमच्या भागात ऊस आला. उसामागे कारखाने आले आणि कारखान्यांमागे तोडणीच्या टोळ्या. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिवकडून ट्रॅक्टर भरून माणसं येतात, मोकळ्या रानात कोपी घालतात आणि उन्हाळा लागताना परत जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. अवजाराच्या नावाने माणूस मोजतात. मुकादम आधी उचल देतो, ती हंगामभर फेडायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी हा दंड दिवसाला पाचशे रुपये असल्याचं छापलं होतं. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. आडोसा नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. त्यातच पाळी.

अशा एका कोपीसमोर बसून मी एका ताईला विचारलं, “पाळी कधी गेली?” ती म्हणाली, “एकतिसाव्या वर्षी.” मी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. तेव्हा कोपीत तिची सासू होती, बाहेर नवरा कोयत्याला धार लावत होता.

दोन आठवड्यांनी तीच ताई बाजारात भेटली, एकटी. बोलता बोलता म्हणाली, “पिशवी काढल्यापासनं कंबर धरतीय बघा.” मी जागच्या जागी थिजले. पाळी गेली नव्हती. पिशवी गेली होती. तिने मला खोटं सांगितलं नव्हतं, मी विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. पाळी खरंच एकतिसाव्या वर्षी गेली. कशी गेली, ते मी विचारलंच नव्हतं. वर ‘नैसर्गिक’ हा शब्द माझ्या पदरचा.

ती एकटी नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. ती याचिका बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनुभवांवरून आली होती. म्हणजे प्रश्न एका जिल्ह्याचा नव्हता.

आता शरीरातला फरक समजून घ्या, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही तो माहीत हवा. नैसर्गिकरीत्या पाळी जाते तेव्हा अंडाशय काही वर्षांत हळूहळू मंदावतात, पाळी मागेपुढे होते आणि सलग बारा महिने आली नाही की ‘गेली’ म्हणायचं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी त्याच दिवशी संपते, पण अंडाशय चालू असतात, हार्मोन तयार होत राहतात, जरी ते पुढे काही वर्षं आधीच थांबण्याची शक्यता वाढते. अंडाशयही काढले, तर जे काही वर्षांत व्हायचं ते काही दिवसांत होतं : वाफा, झोप उडणं आणि पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका. इतक्या तरुण बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक वय येईपर्यंत हार्मोन द्यावेत असा वैद्यकीय सल्ला असतो. म्हणजे ‘हार्मोनशिवाय’ हा शब्द सत्तेचाळीसच्या आजीसाठी साधी गोष्ट आहे आणि एकतीसच्या ताईसाठी तो न मिळालेला उपचार असू शकतो.

मी ताईला विचारलं, “नुसती पिशवीच काढली का सोबत आणखी काही?” तिला माहीत नव्हतं. कागद गावाकडे पेटीत होता, इंग्रजीत. पिशवी का काढली? अंगावरून पांढरं जात होतं आणि ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं. ही भीती २०१९ च्या बातम्यांतही पुन्हा पुन्हा येते. आणि तिचं दुसरं वाक्य : “पोरं झाली, आता पिशवी काय कामाची? खाडे तरी वाचतील.”

या वाक्याशेजारी आजीचं ‘सुटले बाई’ ठेवून बघा. दोघींना सुटकाच हवी होती. आजीने वाट बघितली, कारण तिची पाळी घरात अडत होती आणि जायचं तेव्हा ती जाणारच होती. ताईची पाळी मजुरीत अडत होती आणि उचल फिटायची वाट बघत नव्हती. मग सुटका विकत घेतली, तीही पंधरा वर्षं आधी, उसनवारी करून. तिला कुणी सांगितलं नव्हतं, की पाळी जाताना वर्ष-दोन वर्षं अनियमित होते, की पांढरं जाणं बऱ्याचदा औषधाने बरं होतं. कुठून सांगणार? ज्या गोष्टीबद्दल घरात बोललं जात नाही आणि दफ्तरात लिहिलं जात नाही, तिची ‘नेहमीची’ चाल कशी असते हे कुणालाच माहीत नसतं. त्या अज्ञानावर मग कुणीही दुकान मांडू शकतं. मला हा विषय ‘फक्त बायकांचा’ किंवा ‘फार बारीक’ वाटेनासा झाला तो इथे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे मौन जुनं आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हा आपल्याकडचा बायकांच्या आरोग्याचा सगळ्यात मोठा माहितीसाठा. ती बायकांच्या मुलाखती घेते १५ ते ४९ या वयोगटात. म्हणजे बहुतेक बायकांची पाळी जाते त्या उंबरठ्यावरच पाहणी थांबते. गर्भाशय काढल्याबद्दलचा प्रश्न २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत आला आणि तेव्हा या वयातल्या ३.२ टक्के बायकांनी ‘हो’ सांगितलं. १८८४ च्या गॅझेटियरचा साचा आणि आजची प्रश्नावली यांत अंतर मोठं आहे, तरी मूल होण्याचं वय संपलं की बाई मोजणीतून बाहेर पडते, हे दोन्हीकडे दिसतं. कोणतीही आकडेवारी घेताना आधी तिचा वयोगट बघा, मग टक्के.

मुलाखत घेणार असाल तर माझ्या चुकीतून एवढं घ्या. एक, कोण कोण ऐकतंय ते बघा. सासू आणि नवरा समोर असताना ताईने मला पिशवीबद्दल का सांगावं? संमतीच्या फॉर्मवर सही घेतली म्हणजे एकांत दिला असं होत नाही. दोन, ‘कधी’ नंतर ‘कशी’ विचारा. तीन, बाईचा शब्द जसाच्या तसा लिहा. पाळी गेली, पिशवी काढली, सुटले, बंद झालं, यांचं घरी आल्यावर ‘रजोनिवृत्ती’ असं भाषांतर करू नका. तो एकच मोठा शब्द सगळे फरक गिळतो. चार, माहिती घेऊन नुसतं निघून येऊ नका. मी ताईला दोनच गोष्टी सांगू शकले : तो कागद सांभाळ आणि सरकारी दवाखान्यात दाखवून अंडाशय ठेवलेत का ते विचारून घे. आणि आजीसकट सगळ्यांना सांगते ती गोष्ट तुम्हीही सांगा, की पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते ‘परत आली’ म्हणून सोडायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

त्या वहीतला रकाना मी खोडला नाही. चूक दिसायला हवी, म्हणून तसाच ठेवलाय. शेजारी पट्टीने दोन नवे रकाने आखलेत : ‘कशी गेली’ आणि ‘तिचा शब्द’. जुन्या मुलाखतींतल्या बायकांकडे मी पुन्हा जातेय. त्यातल्या काही टोळीबरोबर निघून गेल्यात, त्यांच्यासमोरचे रकाने अजून रिकामे आहेत. टोळ्या दिवाळीनंतर परत येतील, तेव्हा विचारीन.

तोवर तुमच्यासाठी एक काम. घरातल्या साठीच्या पुढच्या एका बाईला, ती एकटी असताना, विचारा : तुझी पाळी गेली तेव्हा आसपास काय चाललं होतं? साल विचारू नका. मधे बोलू नका. आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.